गभाले सरांच्या मशीनचे सुटे भाग

इरा, गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तू रडवेली झाली होतीस आणि तुझा भाऊ निहार तुझ्या मागे उभा राहून बिस्किटे खात होता. संगणकाचे कीबोर्ड जमवणाऱ्या तुझ्या मंडळींनी तुला गटातून काढायचे ठरवले आहे. त्या गटातली एक मुलगी शिकायला दुसऱ्या गावी निघाली, तिने जुन्या कळांचा एक संच तुला तसाच देऊन टाकला, आणि तू तो त्याच गटातल्या दुसऱ्याला चांगल्या किमतीला विकलास. "आजी, ही चोरी आहे का?" असे तू विचारलेस. मी म्हणाले, लिहून कळवते. त्याच आठवड्यात इथल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांचे पत्र आले, की तुमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटबद्दल काही लिहा. तेव्हा एकाच लेखात दोन्ही कामे उरकते आहे. अंकाच्या वाचकांनी राग मानू नये. नातवंडे कॅलगरीत राहतात, त्यामुळे काही गोष्टी फोड करून सांगाव्या लागतील.

कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडी अजून नगरच असलेल्या या शहरात, कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर माझी इन्स्टिट्यूट होती. अकरा मराठी मशीन आणि सहा इंग्रजी. मिशनच्या शाळेत शिकल्यामुळे माझे इंग्रजी बरे होते. त्या जोरावर मी इंग्रजीच्या बॅच घेऊ लागले आणि मग सगळी इन्स्टिट्यूटच अंगावर आली. सकाळी सातला पहिली बॅच बसली, की खालच्या दुकानदाराला चहाच्या कपावर बशी ठेवावी लागे, इतका छताचा चुना पडायचा. सरकारी परीक्षेला आपली मशीन आपणच परीक्षा केंद्रावर न्यायची असा नियम होता. मी टेम्पोत मशीनच्या खाली घरातल्या सगळ्या गोधड्या अंथरत असे आणि त्या दोन रात्री तुमचे आजोबा चादरीवर कुरकुरत झोपत.

टाइपरायटर तुम्ही सिनेमात पाहिला असेल. आतून पाहिलेला नसेल. कळ दाबली की लोखंडी दांडी उडून फितीवर आपटते आणि कागदावर अक्षर उमटते, इतके दिसते. खरी गंमत मागच्या बाजूला असते. कागद ज्या रुळावर गुंडाळतो, तो रूळ एका सरकत्या गाड्यावर बसवलेला असतो. एक स्प्रिंग पट्ट्याने त्या गाड्याला सतत डावीकडे ओढत असते आणि एक दातेरी चाक त्याला अडवून धरते. प्रत्येक अक्षरामागे चाक एकच दात सोडते, गाडा एकच घर सरकतो. ओळ संपत आली की घंटी वाजते. स्प्रिंग मेली तर गाडा हलत नाही. चाकाचा दात झिजला तर अक्षरे एकमेकांच्या डोक्यावर बसतात. एवढे कळले की पुढची गोष्ट कळेल.

पुण्याचा मेकॅनिक दोन महिन्यांतून एकदा येई, म्हणून मी स्वतः शिकले. हातात स्क्रू ड्रायव्हर घेतलेली बाई पाहून पालक दारातच थबकायचे. एका मशीनचा भाग दुसऱ्याला लावायची वेळ नेहमी येई, त्यासाठी मी एक पद्धत ठेवली. निघालेल्या प्रत्येक भागाला दोऱ्याने चिठ्ठी बांधायची आणि तो कुठून निघाला ते लिहायचे. मुले हसत. एकच मुलगा हसला नाही.

भानुदास मिरजगावचा. आईवडील ऊसतोडीला जायचे, त्यामुळे दिवाळीनंतर तो नाहीसा व्हायचा आणि उन्हाळ्यात परत यायचा. मराठी तीस, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा, त्यात तो दोनदा नापास झाला. वेग वाढणार कसा? हा कागदाकडे बघायचाच नाही, वाकून मशीनच्या पोटात बघायचा.

"बाई, ही पट्टी का हालती?"

"तू अक्षरे बघ. पट्टीची परीक्षा नाही."

"पर ती नसती तर अक्षर उमटलंच नसतं की वो."

तिसऱ्यांदा फी भरायची नाही असे त्याने ठरवले, आणि जाताना माझ्याकडून मूठभर कोऱ्या चिठ्ठ्या मागून नेल्या. मला वाटले, आठवण म्हणून नेतो आहे.

पुढे परीक्षा संगणकावर गेल्या. इन्स्टिट्यूट बंद करताना मी तीन मशीन ठेवली आणि चौदा भंगारवाल्याला वजनावर घातली. हे वाक्य मी नीट लिहून ठेवते आहे, कारण पुढे ते माझ्या तोंडावर येणार आहे. सुट्या भागांचे दोन बिस्किटांचे डबे मात्र मी दिले नाहीत. त्यातल्या प्रत्येक भागाला चिठ्ठी होती. बहुतेक चिठ्ठ्यांवर एकच मजकूर: "क्र. ९ साठी राखून. कुणाला देऊ नये." क्रमांक नऊ हे माझे लाडके मराठी मशीन. हा लेखही त्यावरच लिहिते आहे.

काही वर्षांनी जुन्या टाइपरायटरची हौस असलेल्यांचा एक व्हॉट्सअॅप गट झाला. चाळीसेक माणसे. निवृत्त बँकवाले, दोन इंजिनिअर, नगरचे एक दातांचे डॉक्टर आणि अकोले तालुक्यातले, भंडारदऱ्याच्या अंगाचे एक निवृत्त मुख्याध्यापक गभाले सर. वयाने मोठी म्हणून मला प्रमुख केले. पहिल्याच आठवड्यात मी नियम घातला: सुटा भाग आपसात द्यायचा तो घेतल्या किमतीला, नफा घ्यायचा नाही. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रे पाठवली. आम्हाला स्वतःचे फार कौतुक वाटले.

भानुदासही गटात आला. तो आता मिरजगावात हायवेला पत्र्याच्या शेडमध्ये दुकान चालवत होता. साखर कारखान्यांची जुनी ऑफिसे, सोसायट्या, शाळांच्या अडगळीच्या खोल्या, भंगारवाल्यांचे ढीग, सगळीकडून तो मशीन उचलायचा आणि सुटे करून विकायचा. गटात मात्र तो काही विकत नसे. कुणी भाग मागितला की सांगे, "साहेब, फोन करा." फोनवर काय ठरते ते सगळ्यांना ठाऊक होते आणि कुणी बोलत नव्हते, कारण भाग त्याच्याकडेच मिळायचा.

मग गभाले सरांनी गटावर लिहिले, की पत्नीच्या वापरातले मशीन घरात पडून आहे, ती आता नाही, तेव्हा चांगल्या घरी जाणार असेल तर मोफत देतो. तासाभरात भानुदासचे उत्तर आले: "मी येतो सर." दुसऱ्या दिवशी तो टेम्पो घेऊन अकोल्याला गेला आणि मशीन घेऊन आला.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी त्याच्याकडून एक दातेरी चाक घेतले. डॉक्टरांचे मशीन त्यांच्या वडिलांचे, त्याच कंपनीचे आणि त्याच घडणीचे. त्यांनी चांगली किंमत मोजली. चाकावर भानुदासने घंटीही वरून दिली. पुडके उघडले तेव्हा चाकाला चिठ्ठी बांधलेली होती: "गभाले सर, अकोले."

डॉक्टरांनी चिठ्ठीचा फोटो गटावर टाकला. खाली लिहिले, "फुकट आणलेले मशीन फोडून मित्रांनाच विकणे याला काय म्हणायचे ते आपणच ठरवा." मग जे सुरू झाले ते तुझ्या कीबोर्डवाल्यांपेक्षा वेगळे नव्हते, इरा. दलाल, खाटीक, आणखी बरेच. भानुदासने एक अक्षर लिहिले नाही. संध्याकाळी गभाले सरांचा एकच संदेश आला: "मशीन चालू आहे असे मला सांगितले होते."

त्या एका ओळीने माझे मन भानुदासच्या विरोधात गेले. दोन आठवड्यांनी, रविवारी, आमचा वर्षाचा मेळावा माझ्या घरी होता. तिथे त्याला गटातून काढायचे असा सगळ्यांचा आग्रह होता आणि निर्णय मी द्यायचा होता. गट म्हणजे त्याचे अर्धे गिऱ्हाईक. काढले तर शेडला कुलूप लागेल, हे मला कळत होते. म्हणून शिस्तीने, दुसरी बाजू ऐकल्याशिवाय सही करायची नाही म्हणून, मी एसटीने मिरजगावला गेले.

शेडमध्ये मला मालाने भरलेली फडताळे दिसतील असे वाटले होते. दिसले ते मोकळे सांगाडे. भिंतीवर खिळ्यांच्या रांगा, आणि खिळ्यांना भाग नव्हते, चिठ्ठ्या होत्या. भानुदासने माझ्यासाठी खुर्ची पुसली, हॉटेलातून चहा मागवला आणि कोपऱ्यातले पोते बाजूला केले.

"हे सरांचं. बघा."

मी चष्मा लावून पाहिले. अकोल्याकडचा पाऊस तुम्ही पाहिलेला नाही. मशीन बहुतेक गळक्या खोलीत पडून राहिले असावे. सगळ्या दांड्या गंजून एकमेकींना चिकटल्या होत्या, आणि बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, चौकट मागच्या कोपऱ्यात उभी चिरलेली होती. बिडाची चौकट चिरली की मशीन संपले. सांधता येत नाही. हे कळायला मला मेकॅनिक लागत नाही.

"मग सरांना चालू आहे असे का सांगितलेस?"

तो कपातली साय बोटाने काढत बसला. "बाई, त्यांनी दारातनं टेम्पोत ठेवताना त्याच्यावर टॉवेल घातला हुता. ऊन लागंल म्हनून. मग मला खरं सांगवलंच न्हाई. चार दिसांनी फोन आला, चालतंय का? म्हनलं, व्हय सर, झ्याक चालतंय."

"आणि डॉक्टरांकडून एवढे पैसे?"

"डॉक्टर दाढ काढायचं काय घेत्यात ते इचारा की. ती तर माझीच दाढ असती आन् माघारी बी देत न्हाईत."

मला हसू आले, पण मी ते दाबले. म्हणाले, "गटाचा नियम आहे, भानुदास. आपसात नफा नाही."

तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून बोलला. "एक चांगलं चाक मिळाया मी धा भंगारवाले फिरतो. गंजलेल्या धा मशिनींच्या पोटात हात घालतो. नफा न्हाई घेतला तर उद्या कोन जाईल? ही चाकं समदी वितळून सळ्या हुतील. तुमच्या चौदा मशिनी मी भंगारातनं सोडवल्या, ठाव हाय तुमाला? समद्या न्हाई, पाच घावल्या. त्या आज पाच जागी चालत्यात. बाई, तुमी किलोवर घातल्या, मी नगावर विकल्या. त्यात पाप कुनाचं?"

मी चहा संपवला.

मग त्याने भिंतीवरच्या चिठ्ठ्या वाचून दाखवल्या. प्रत्येकीवर भाग कुठून आला ते, आणि खाली कुठे गेला ते. सरांच्या मशीनचे भाग सहा ठिकाणी गेले होते. त्यातले एक कर्जतच्या कचेरीबाहेर अर्ज टाइप करून देणारे गृहस्थ. त्यांच्यापुढे लिहिले होते, "स्प्रिंग. हमाली फक्त."

ते नाव मी त्याला पुन्हा वाचायला सांगितले. तेच गृहस्थ आधी माझ्याकडे स्प्रिंग मागायला नगरला आले होते. तशा दोन स्प्रिंगा माझ्या डब्यात होत्या. मी म्हणाले होते, "नाही हो, शिल्लक नाही." मला ते खोटे वाटले नव्हते, कारण चिठ्ठीवर "राखून" लिहिलेले होते.

परतीच्या एसटीत मी एकच विचार करत होते. आमचा नियम इतका स्वच्छ असून गटात भाग का मिळत नव्हते? सगळे गेले कुठे?

मी गटावर लिहिले, की रविवारी येताना प्रत्येकाने घरातले सगळे सुटे भाग घेऊन यावे. लपवायचे नाही, विकायचे नाही, फक्त टेबलावर ठेवायचे. आणि भानुदासनेही यावे.

रविवारी बारा वाजता माझे जेवणाचे टेबल भरले. प्रथम मी माझे दोन डबे उपडे केले. मग पिशव्या उघडू लागल्या. एका बँकवाल्यांकडे नऊ रूळ निघाले आणि मशीन एक. डॉक्टरांनी दात ठेवायच्या असतात तशा छोट्या डब्या आणल्या होत्या. त्यांत चार दातेरी चाके होती.

"डॉक्टर, चार असताना पाचवे कशाला घेतलेत?" मी विचारले.

"ती राखीव आहेत," डॉक्टर म्हणाले आणि स्वतःच थांबले.

घेतल्या किमतीला मिळते म्हणून आम्ही सगळ्यांनी घेऊन ठेवले होते. घेतल्या किमतीला द्यायचे म्हणून कुणी देत नव्हते. आमचा निःस्वार्थीपणा असा फडताळात बसून होता.

एवढ्यात भानुदास दारात आला. हातात पिशवीही नव्हती.

"तुझा माल कुठे आहे?" कुणीतरी टोमणा मारला.

"माझ्याकडं शिल्लक न्हाई," तो म्हणाला. "येतं तसं जातं."

गभाले सर खिडकीपाशी बसले होते. धोतर, पांढरा सदरा, मांडीवर टोपी. पहाटेची गाडी धरून आले होते. त्यांच्याकडे कुणी बघत नव्हते. मी भानुदासला म्हणाले, "गटाचे नंतर बघू. आधी सरांना सांग. तूच सांग."

त्याने उभ्यानेच सांगितले. चौकट चिरल्याचे, गंजाचे, खोटे बोलल्याचे. आवाज परीक्षेत नापास झाल्यासारखा होता. सर ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे ते आता नाही."

"सहा जागी हाय सर," भानुदास म्हणाला. "एक हितंच हाय."

डॉक्टरांनी त्यांचे मशीन मेळाव्यासाठी आणले होते. ते टेबलाच्या टोकाला भाग सारून ठेवले. डॉक्टर जरा अवघडून म्हणाले, "चाक उत्तम आहे, सर. घंटी मात्र बद्द वाजते. आत लाल काहीतरी चिकटलंय, खरवडून काढणार आहे."

"लाल?" सर उठले. "वाजवा बरं."

डॉक्टरांनी एक ओळ टाइप केली. शेवटाला घंटी वाजली, टिंग नाही, जाड कापडात गुंडाळल्यासारखी. सरांनी वाकून बोटाने घंटीचा आतला भाग चाचपला.

"लाख आहे ती. प्रश्नपत्रिकांच्या पाकिटांना सील करायची. आवाज दबावा म्हणून मीच लावली. ही शाळेशेजारच्या खोलीत टाइप करायची आणि घंटी वाजली की चौथीची पोरं दप्तरं उचलायची. सुट्टी झाली म्हणून." सर हसले, मग रुमाल काढून चष्मा पुसला. "खरवडू नका डॉक्टर."

"नाही, सर," डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी ते पुन्हा किमतीचे बोलले नाहीत.

सर भानुदासकडे वळले. "पैसे घेतलेस त्याचं मला काही नाही. तू फिरतोस, घे. पण मशीन माझं होतं. त्याचं काय झालं हे मला चिठ्ठी वाचून कळायचं होतं का? फोन आला तेव्हा तुला सांगायला काय झालं होतं?"

"चुकलं सर."

"डॉक्टरांना खरी चिठ्ठी बांधलीस आणि मला खोटं बोललास. दोघांना एकाच मापाने मोजत जा."

मला जे दोन आठवडे मांडता येत नव्हते, ते सरांनी दोन वाक्यांत मांडले. लबाडी करणाऱ्याने ती चिठ्ठी केव्हाच काढून फेकली असती. भानुदासने ती बांधली, कारण वीस वर्षांपूर्वी एका नापास विद्यार्थ्याने माझ्याकडून तेवढीच एक गोष्ट नेली होती, आणि माझ्यापेक्षा नीट पाळली होती. माझ्या चिठ्ठीवर भाग कुणाला द्यायचा नाही ते असे. त्याच्या चिठ्ठीवर तो कुठे गेला ते.

त्याला गटातून काढले नाही. माझा नियम काढला. आता नफा चालतो, पण किंमत फोनवर कुजबुजायची नाही, गटावर लिहायची. आणि वस्तू कुणी प्रेमाने फुकट दिली असेल, तर ती मोडण्याआधी किंवा विकण्याआधी देणाऱ्याला विचारायचे. नाही म्हणाला तर परत द्यायची. एवढेच. काही जण रागावून गट सोडून गेले. त्यांना धंदा आणि हौस एका खोलीत नको होती. त्यांचे अगदीच चुकले असे मी म्हणणार नाही. पूर्वी भाग हातात पडला की आम्ही तासभर गप्पा मारत असू, आता किंमत आधी वाचतो. पण मशीन चालू आहेत.

तेव्हा इरा, चोरी म्हणशील तर नाही. संच योग्य माणसापर्यंत पोचवलास, त्याचे मोल घे. पण ज्या मुलीने तुला तो दिला, तिला हे कुणाकडून कळले? तुझ्याकडून की गटावरून? गटावरून कळले असेल, तर आज तिला लिही. तुझ्या गटाला नंतर उत्तर दे.

आता शेवटचे. त्या रविवारी टेबलावरचे बरेचसे भाग भानुदासने रोख पैसे देऊन घेतले. माझ्या दोन्ही डब्यांतलेही. डब्यांत सध्या शंकरपाळे आहेत. परवा क्रमांक नऊची स्प्रिंग तुटली. हा लेख अर्धा झाला होता. मी मिरजगावला फोन केला. दुसऱ्या दिवशी भानुदास स्वतः आला, स्प्रिंग बसवली, गाडा दोनदा फिरवून पाहिला आणि किंमत सांगितली. गटावर लिहिली होती तीच.

"बाईंना काही सूट?" मी विचारले.

"बाई, तुमीच तर नियम केला."

मी पैसे दिले. तो गेल्यावर स्प्रिंगच्या सोडवून ठेवलेल्या चिठ्ठ्या उलगडल्या. दोन होत्या. जुन्या, पिवळ्या चिठ्ठीवर माझेच अक्षर: "क्र. ९ साठी राखून. कुणाला देऊ नये." आणि खाली दुसरी, भानुदासच्या हातची: "बाई, नगर. इचारून घेतली."